रव्याचा हलवा

तेविसाव्या भागात ती मेली.
मंगळवार होता, रात्रीचे साडेअकरा होऊन गेलेले.
झोंगुल्दाकच्या आमच्या खोलीत हीटर तडतडत होता
आणि माझी बहीण बेंगीसू, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन,
पांढऱ्या घेवड्याची थंड भाजी
पातेल्यातूनच खात होती.

पडद्यावर हिरव्या कापडाखालची पेटी
खांद्याखांद्यावरून पुढे सरकत गेली.
"आत वाळूची पोती होती," ती म्हणाली.
"मी तेव्हा गाडीत झोपले होते.
दोन महिन्यांत पहिल्यांदा, सलग पाच तास."

आई मात्र रडली.
रुमालाचं टोक तोंडात धरून रडली.
दुसऱ्या हातात तिनं बेंगीसूचा घोटा
घट्ट पकडून ठेवला होता,
गरम, जिवंत घोटा,
आणि तरी रडली.

सुरुवात एका वाक्याची होती:
"डॉक्टर, रक्तदाब उतरतोय."
त्या रात्री बाबांनी चहाच्या दुकानात
पत्त्यांचा डाव थांबवला.
चाळीस माणसं, निम्म्यांच्या छातीत कोळसा,
खोकला गिळून बसली.
वाक्य आलं आणि गेलं.
कुणीतरी विचारलं, "यातली तुझी कुठली, शेमसी?"
बाबा म्हणाले, "जिचे हात दिसले, ती."

मग ती फेराये झाली,
बॉस्फरसकाठच्या हवेलीतली धाकटी सून.
हवेली दिवसाच्या भाड्यावर.
खरे मालक वरच्या मजल्यावर राहायचे
आणि हुंदके फार मोठ्यानं येतात म्हणून
खाली निरोप पाठवायचे.
कपडे दुकानातून उसने, परत करायचे,
म्हणून किमतीची चिठ्ठी पाठीत तशीच खोचलेली.
मी औषधांच्या दुकानात काम करते.
ती घरी आली की मानेखाली मलम लावायचे.
किती लिरांचा ओरखडा, असं विचारायचे,
ती आकडा सांगायची
आणि आम्ही हसायचो, कारण तेवढ्यात
आमचं छप्पर झालं असतं.

सोळा सोळा तास काम.
संवाद पहाटे फोनवर यायचे, ओले असल्यासारखे.
आणि दर बुधवारी, सकाळी दहाला, आकडे.
दहाला पाच कमी असताना
दिव्यांची पोरंसुद्धा हळू बोलायची म्हणे.

बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं.
खाणीत उतरताना ते पितळी बिल्ला फळीवर टांगायचे,
वर आले की काढायचे.
संध्याकाळी फळीवर उरलेला बिल्ला
म्हणजे काय, ते आमच्या गल्लीत
कुणाला सांगावं लागत नाही.
त्यांनी एवढंच विचारलं,
"तुमच्याकडे वर आलेल्यांची मोजणी
कोण करतं?"
ती म्हणाली, "बाबा, चहा घ्या."

मरणार असल्याची बातमी तिला
दिग्दर्शकानं दिली नाही, लेखकानंही नाही.
कपडे सांभाळणारा पोरगा फीत गुंडाळत म्हणाला,
"तुझी मापं आता नकोत म्हणाले."

बुधवारी सकाळी साफिये काकू आल्या,
हातात झाकलेली बशी:
रव्याचा हलवा, वर चिलगोजे,
माणूस गेल्यावर करतात तसा.
दार तिनंच उघडलं.
काकू क्षणभर चाचरल्या, चपलेतला पाय आत-बाहेर,
मग तिच्याच हातात बशी देऊन म्हणाल्या,
"तू पण घे हो बाळ.
फार गुणी मुलगी होती."

"होती," ती म्हणाली.
उभ्या उभ्याच एक घास घेतला.
"रवा छान भाजलाय."

दहा वाजता फोन थरथरला.
या हंगामातला सगळ्यात मोठा आकडा.
ती हसायला लागली आणि हलवा घशात अडकला.
मी पाठीवर थापट्या मारत राहिले,
खवल्या धरलेल्या ओरखड्यांवर,
जरा जपून.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली,
"उरलेला डब्यात घाल गं.
बसला पाच तास लागतात,
आणि उद्या एके ठिकाणी बोलावलंय.
नर्सचंच आहे काहीतरी."