टोक

श्रीलतानं गॉलवेहून पाठवलेला चांदीचा काटा
पदराला लावून दोन लग्नांत मिरवले,
तिसऱ्यात नक्षीची तार तुटली.
तिथल्या एका म्हातारीनं दिलेला तिला,
फार जुन्या लोकांची नक्षी म्हणे.

अख्ख्या सोलापुरात मल्लिनाथ पोतदारशिवाय
कोण हात लावणार असल्या कामाला?
गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डब्या घडवतो तो.
भिंग लावून बराच वेळ
काडेपेटीची काडी नक्षीवर फिरवत बसला.
एकच तार. वर जाते, खाली जाते,
स्वतःलाच ओलांडून परत.
"मावशी, ह्याला टोकच नाही की ओ."

मी हसले.
चाळीस वर्षं सुपात विड्या वळल्या,
दिवसाला हजार. हजारांच्या कमरेला दोरा,
दोऱ्याला टोक.
बिनटोकाची गाठ चेकरनं छाटातच टाकली असती.

श्रीलता फोनवर सांगते,
न संपणारं काहीतरी म्हणायचं होतं त्यांना.
मधले तीन भोवरे म्हणजे जमीन, पाणी, आभाळ,
का जन्म, जगणं, मरण, तिचं तिलाच नक्की नाही.
मला ती भिजवलेली तेंदूची पानं दिसतात,
वाळताना अशीच आत वळतात.

संध्याकाळी मल्लिनाथनं काटा हातात दिला.
"जोडलंय. पण टोक आलं आता एक.
मागं लपवलंय. पोरीला सांगू नका."

विडी घरकुलापर्यंत रिक्षात
अंगठ्यानं मागून चाचपत आले.
लागलं. मोहरीएवढं, खरखरीत.
आणि दोन वेढे सोडून आणखी एक,
गुळगुळीत झिजलेलं,
कुणा परक्या सोनाराच्या हातचं.
त्यानंही कुणाला सांगितलेलं नसणार.