गुरुवारी साडेआठ

गुरुवारी रात्री साडेआठला
मी गच्चीवर जाते.
आईला सांगितलंय, ऑफिसची मीटिंग असते.
पाण्याच्या टाकीमागे नेटवर्क बरं येतं
आणि ज्योत्स्नाबेनच्या स्वयंपाकघराची खिडकी
तिथून दिसत नाही.

विनिपेगमध्ये तेव्हा सकाळचे नऊ.
मॅरिएटच्या मागे बर्फाचा उजेड,
हातात तोच मग, कानाचा टवका उडालेला.
हाऊ आर यू, शलाका?
आणि माझ्या तोंडून पहिल्या दिवसासारखंच निघतं:
मजामां.

बडोद्यात वाढलेल्या माणसाला
हे एक हाड जास्तीचं असतं.
भाजीवाल्याने विचारलं, मजामां.
बाबांना पोचवून परत येताना
कोपऱ्यावरच्या शिंप्याने विचारलं,
मजामां.

घरात मराठी, जिन्याखाली गुजराती,
आणि रडू आलं तेव्हा समोर बसलेली बाई इंग्रजी.
मागच्या हिवाळ्यात अकरा दिवस मी डोकं धुतलं नव्हतं.
आईशी मात्र रोज बोलले.
कॅमेरा बंद. नेट स्लो आहे गं.
क्लिनिकच्या फॉर्मवर चौकोन होते:
अजिबात नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
'कसंसंच होतंय' ला चौकोन नव्हता.
मी शेवटच्यावर फुली मारली
आणि पेन परत द्यायला विसरले.
अजून आहे पर्समध्ये.

आज मॅरिएट म्हणते,
ते कसं दिसतं, एखादं चित्र सांग.
मी म्हणते, मगर.
ती मान हलवते, लिहून घेते. छान प्रतिमा आहे, म्हणते.
प्रतिमा नाही, बाई.
आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत. खरोखरच्या.
काळ्या घोड्याच्या पुलावरून आज दुपारीच पाहिली,
चिखलाच्याच रंगाची, ऊन खात,
जबडा उघडा, पण राग कुणावरच नाही.
एक माणूस पोराला कठड्याशी उचलून दाखवत होता.
दुसरा शेंगा खात होता.
मागून स्कूटर चालल्याच होत्या.

आणि पुराच्या साली एक सोसायटीत आली,
पार्किंगमध्ये, बाबांच्या लुनाशेजारी.
कुणी तिला म्हटलं नाही, मन घट्ट कर.
कुणी म्हटलं नाही, आमच्या घराण्यात असलं काही नाही.
फोन लावला.
दोन मुलगे आले, दोर आणि ओलं गोणपाट घेऊन.
आधी तिचे डोळे झाकले,
म्हणाले, अंधार झाला की ती शांत होते.
मग चौघांनी मिळून उचलली
आणि पाणी उतरल्यावर नदीतच सोडली.
ज्योत्स्नाबेननी सगळ्यांना चहा केला.
आलं जास्त पडलं होतं.

मॅरिएट गप्प.
मला वाटलं, स्क्रीन गोठली.
मग तिने विचारलं, नदीतच? पुन्हा?
हो.
दुसरीकडे कुठे नेणार.

जिन्यात पावलं वाजली. आई.
वाळत घातलेली गोधडी न्यायला आली म्हणाली,
रात्री नऊ वाजता.
गोधडी मी संध्याकाळीच खाली नेली होती,
तिच्यासमोरच घडी घातली होती.
कॉल संपेपर्यंत ती दोरीत अडकलेला
उत्तरायणाचा मांजा सोडवत राहिली,
चष्मा नसताना,
बोटाभोवती एकेक वेढा घेत.

मग म्हणाली, काय घेते ती तासाचे?
मी आकडा सांगितला, डॉलरमध्ये.
तिचे ओठ हलले, गुणाकार झाला.
एवढे घेते, तर नीट सांगत जा तिला.
अर्धं पोटात ठेवू नकोस.

दोन पायऱ्या उतरली,
आणि मागे न बघता:
त्या गोळ्या बाथरूमच्या कपाटात
शाम्पूमागे कशाला लपवतेस?
दमट होतील.