अकराशे चकत्या

जानेवारी. परदेशीपुऱ्यात सकाळी नऊ अंश,
आणि चहावाला म्हणतो, काय थंडी पडलीय.
मी मान हलवते. शेडचं कुलूप काढते.
आत टेबलावर, निर्वात नळकांड्यात,
बोटाएवढं एक टोक
उणे एकशे एक्याण्णववर अडून बसलंय.
तीन महिने झाले.
अजून बारा अंश हवेत.

उपग्रहाच्या डोळ्याला गारठा लागतो.
डोळाच कोमट असला
तर त्याला आपलीच ऊब दिसत राहते,
खाली रान पेटलंय की नाही ते कळत नाही.

साठ वॉट खातो हा कूलर, उचलतो एक.
थंडी कुठे बनत नसते,
ऊब तेवढी या टोकाकडून त्या टोकाला
नेऊन टाकायची, सेकंदाला पन्नास खेपा.
हेलियमच हमाल, हेलियमच हातगाडी.
वर गेल्यावर तेल घालायला कोणी जाणार नाही,
म्हणून आत काही कशाला घासत नाही.
दहा वर्षं, न घासता.

मी नळी चार सेंटिमीटर लांबवली.
दाब वाढवला. गळती शोधली, नव्हती.
दिल्लीला पाठवायचा अहवाल तीनदा लिहिला,
तिन्ही वेळा "सुधारणा अपेक्षित" इथेच थांबले.

चकत्या पाडतात झिंगराजी पराते.
पोलादी जाळी, इंचाला चारशे तारा,
हातात धरली तर राखाडी मलमल.
दांडा दाबायचा. टक.
अकराशे चकत्या रचल्या की एक नळी भरते.
एक्याण्णवपर्यंत ते मिलमध्ये मागावर होते.
मिलकडून किती येणं आहे विचारलं
की पंचाचा आवाज वाढतो.

त्या दिवशी त्यांनीच नळी उघडायला लावली.
भिंग पुढे केलं तर नको म्हणाले,
खिडकीशी गेले, दोन चकत्या एकीवर एक धरल्या,
वरची नखानं जराशी फिरवली.

"बाई, हे सगळं एकाच अंगानं लागलंय.
ताण्यावर ताणा, बाण्यावर बाणा.
भोकासमोर भोक आलं, वारा सरळ पळतो,
कुठं टेकतच नाही.
आणि ही बघा, ही काठाची.
काठाचा ताण सैल असतो.
आम्ही काठाजवळचं मोजणीत धरत नव्हतो."

साचा माझा होता.
प्रत्येक चकतीला खाच, सगळ्या एका रेषेत,
पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवायचे.
माझ्या गणितात जाळीला एक आकडा होता,
शून्य दशांश सहा नऊ.
त्याला काठ नव्हता.

खाचेची खुंटी मी कानशीनं घासून टाकली.
काठाची जाळी बाजूला काढली, नव्या पाडल्या.
मग तीन दिवस दोघं चिमटे घेऊन,
एक चकती अशी, एक तशी,
मोजताना ते मराठीतून सुरू करत
आणि शंभरानंतर हिंदीत जात.
सातशे बाराव्याला मला शिंक आली.
पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारी संध्याकाळी आकडा उतरू लागला.
ऐंशी केल्विन. शहात्तर. वीज जाईल म्हणून
मी देवाऐवजी विद्युत मंडळाचं नाव घेतलं.
एकाहत्तरवर थांबला.
सत्तर हवं होतं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, एक राहिला.
"एक तर कपड्यातही राहतो," म्हणाले,
आणि डब्यातली पोळी फडक्यात गुंडाळून
कूलरच्या गरम पत्र्यांवर ठेवली,
जिथे त्या टोकाची सगळी ऊब
येऊन पडत होती.

अर्ध्या तासानं अर्धी मला दिली.