समुद्रसपाटीपासून

दुसऱ्या प्रकरणाचं नाव रक्त.
स्त्रियांत हिमोग्लोबिन बारा ते साडेपंधरा.
आम्ही एकमेकींची बोटं टोचली.
माझं निघालं सतरा पूर्णांक एक.
"पुस्तकाच्या हिशेबानं तू आजारी," डॉक्टर उर्किसो म्हणाले.
मग दाल्मिराचं पाहिलं, मग ओत्तिलियाचं,
मग कधीच न बोलणाऱ्या वेनान्सियाचं.
नर्सिंगचा अख्खा पहिला वर्ग आजारी!
हसून हसून हातातल्या सुया थरथरल्या.
पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं,
वरील आकडे समुद्रसपाटीचे.

आम्हाला समुद्र नाही.
होता म्हणतात, खापरपणजोबांच्या काळी,
एका लढाईत गेला.
दर मार्चमध्ये शाळेत आम्ही त्याच्यासाठी कवायत करायचो,
पांढरे मोजे, कडक थंडी,
कुणीच न पाहिलेल्या पाण्याला सलामी.
आणि आता हे पुस्तक म्हणतं,
तिथून मोजा.

शरीररचनेच्या तासाला गाईचं हृदय आलं,
बादलीत, वर्तमानपत्राखाली.
उर्किसोंनी विचारलं, झडपा कोण उघडून दाखवेल?
मी उभा छेद दिला, डावा कप्पा उलगडला,
पांढऱ्या दोऱ्या बोटावर घेतल्या.
"रात्रभर वाचून आलीस?"
नाही सर.
सात वर्षांची असल्यापासून या दोऱ्या काढते मी,
कुत्र्याला टाकते.
आई सेहाच्या चौकात अंतिकुचो विकते,
काड्यांवर हृदयाचे तुकडे, शेंगदाण्याची चटणी, एक बटाटा.
माझी फी त्याच निखाऱ्यावर भाजली जाते.

तिथेच, धुरात, मी पाठ करते:
हृदय, प्रकरण सात.
फुप्फुस, प्रकरण नऊ.
आई मध्येच विचारते, "आणि चुइमा कितव्यात?"
आयमारात चुइमा एकच.
धडधडतं ते चुइमा, श्वास घेतं ते चुइमा,
बाबा गेले तेव्हा तिचं जे तीन महिने जेवलं नाही
तेही चुइमाच.
मी पानं मागं-पुढं केली.
आठव्यात असेल, म्हटलं. आठवं अजून शिकवलं नाही.
ती मान हलवते, काड्या उलटते.

सरावाला म्हणून मी तिचंही बोट टोचलं.
निखाऱ्याच्या उजेडात थेंब काळपट दिसला,
लवकर ओघळेना.
यंत्र म्हणालं एकवीस पूर्णांक चार.
पुन्हा टोचलं. एकवीस पूर्णांक तीन.
मला वर्गातलं हसू आठवलं, आणि ते
घशात कुठेतरी अडकलं.
कारण पुस्तकाच्या मते आम्ही सगळ्याच आजारी,
मग खरी आजारी कोणती
हे तळटीप सांगत नाही.
तिचे ओठ थंडीनं निळे आहेत असंच मी समजत आले.
जिने चढताना थांबते ती
पिशवी जड म्हणून.
कानात मधमाश्या घोंघावतात म्हणायची,
आम्ही म्हणायचो, रस्त्याचा आवाज.

उर्किसोंनी आकडा ऐकला, चष्मा काढला.
उद्याच घेऊन ये म्हणाले.
थोडं रक्त काढतात, किंवा
माणसाला खाली पाठवतात, सखल प्रदेशात.
डोंगर सोडला की रक्त पातळ होतं.
मी हे सगळं तिला सांगितलं,
शिकलेले शब्द वगळून.
गिऱ्हाइकं उभी होती. एका ड्रायव्हरला घाई होती.
तिनं टोचलेलं बोट एप्रनला पुसलं.
"खाली म्हणजे कुठवर?" तिनं विचारलं. "समुद्रापर्यंत?"

मी बटाटे सोलत राहिले.
परवा परीक्षा आहे.
प्रश्न येईल, सामान्य म्हणजे काय ते लिहा.
पाच गुण.
तिनं फुंकर घातली, निखारे लाल झाले.
फुंकर संपल्यावर तिला श्वास घ्यायला
किती वेळ लागतो,
ते मी घड्याळात पाहत होते.