झडती

नोट प्रेसच्या गेटवर
रोज सुटताना झडती व्हायची दादांची.
खिसे उलटे, डबा उघडा, चपला हातात.
एकतीस वर्षांत कागदाचा कपटा
बाहेर आला नाही त्यांच्याबरोबर.
तरी घरी आणलंच त्यांनी
आम्हा तिघांतल्या दोघांसाठी,
कुठल्याच हवालदाराला न सापडणारं.

ते गेल्यावर मी लागलो त्यांच्या जागी, तपासणीत.
शीट उचलायची, उजेडाला धरायची,
चाळत जायचं.
सारखं, सारखं, सारखं,
आणि मग एकच,
जिथे शाई केसभर सरकलेली.
डोळ्याआधी अंगठ्याला कळतं ते.

म्हणून हसू आलं
जेलरोडच्या त्या अंधाऱ्या खोलीत.
पोटावर गारढोण जेली,
पडद्यावर माझी मूत्रपिंडं. मूत्रपिंडं कसली,
पाण्याच्या फुग्यांची दोन पोती.
"शंभराच्या पुढे आम्ही मोजत नाही,"
डॉक्टर ओस्तवाल म्हणाले.
आम्ही मोजतो, म्हटलं.

लघवीतून रक्त गेलं तेव्हाही
कुणी दचकलं नव्हतं.
फुटली असेल एखादी. पाणी प्या. पडून राहा.
दादांनाही व्हायचं.
आमच्या घरात रक्त पाहुण्यासारखं,
चार दिवस राहायचं नि जायचं.
या खेपेला मुक्काम हलेना.

डावीकडे, खालच्या अंगाला,
काळ्याभोर पाण्यांच्या दाटीत
एक करडी.
तिच्यात पाणी नव्हतं.
तीन सेंटिमीटर.
जुनी फिल्म काढून पाहिली,
तर तेव्हाही होती, थोडी लहान,
सगळ्यांसारखाच चेहरा करून उभी.

डावं काढलं. दोन किलो आठशे.
वजन मी विचारून घेतलं.
खराब शीटचाही हिशेब लागतो आमच्याकडे.
बायको म्हणाली, कशाला विचारता असलं?
दादांचं कुणी उजेडाला धरूनच पाहिलं नव्हतं.
डायलिसिसवर गेले,
एवढंच लिहिलंय कागदावर.

केतकी यंदा वीस पूर्ण.
काल रात्री जेवताना म्हणाली,
सोमवारी कॉलेज नाही, सोनोग्राफी करून येते.
एकटीच जाईन.
कोशिंबीर वाढ जरा, तिने आईला सांगितलं.

आज बिटकोवरून नवा कुर्ता आणलाय तिने.
दारात उभी राहिली, दोन्ही हात पसरून,
कसा दिसतो, पप्पा?

छान, म्हटलं.
आणि हवालदारासारखा
बघतच राहिलो.