सातवं पाणी

काखेतीत, द्राक्षमळ्याच्या कडेला,
गळ्यापर्यंत पुरलेला रांजण.
तेंगिझ आत उतरलाय; कंदील वरून मी धरलाय.
चेरीच्या सालीचा कुंचा, कोमट पाणी,
आणि आतली खरखर.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली.
"चल की," मी म्हणते.
खालून आवाज घुमतो :
"मग मी कुठे आहे?"

मला तर चौथंच पाणी स्वच्छ दिसलं होतं.
पुरलेल्या रांजणाचं पोट
कोण बघणार आहे, म्हाताऱ्या?
गुडघा गेलाय,
तरी शिडी पोराला देत नाही.

सातवं पाणी घेऊन वर येतो.
ओंजळ हुंगतो.
एक घोट घेतो,
जिभेवर धरून ठेवतो.
चर्चमधली माणसं घरी परतू लागलीत.

"अजून एक," म्हणतो,
आणि पुन्हा खाली.