पायाखालच्या फळ्या

रोयाच्या धक्क्यामागं आमचा मासळीचा कारखाना.
तिथं बाल्टिकचा वारा फट शोधत बसत नाही,
दारातूनच येतो, हजेरी लावल्यासारखा.
धुरी दिलेले बोटभर मासे:
मुंडकी छाटायची, शेपट्या छाटायच्या,
अंगाला अंग लावून डब्यात निजवायचे.
एका डब्यात बावीस.

इल्ग्वार्स होता तेव्हा
भिंतीवर आकडा असायचा, लाल.
तो आमच्याशी कधी वाईट बोलला नाही,
आमच्याशी बोललाच नाही.
लघवीला जायचं तर चिठ्ठी, चिठ्ठीवर मिनिटं.
ओल्या सिमेंटची थंडी
बुटातून गुडघ्यात, गुडघ्यातून घरी यायची.

तिसऱ्या यंत्रावर झाकण तिरकं बसतंय
हे वेल्ताला मंगळवारीच दिसलं होतं.
मलाही.
आम्ही पाट्या टाकत राहिलो.
दोन महिन्यांनी चार हजार डबे फुगून परत आले
तेव्हा कुणीच काही बघितलेलं नव्हतं.
डोळे होते की; ते पगारात धरलेले नव्हते.

मग दायगा आली. जाड भिंगांची, एका पायानं अधू.
भाषण होईल म्हणून आम्ही चेहरे तयार ठेवले.
तिनं ॲप्रन मागितला.
आठ तास माझ्या शेजारी उभी राहिली,
वाईट छाटत होती, फारच वाईट,
शेवटी स्काइद्रीतेनं न राहवून
तिचा अंगठा धरून सरळ केला.
सुटताना ती एवढंच म्हणाली, ‘पाय मेले माझे.’
सोमवारी सुतार आला.
पाइनच्या फळ्या, दोन बोटं उंच,
प्रत्येकीच्या पायाखाली.

पगार तोच. आकडाही तोच,
फक्त त्याच्याखाली आता कुणी ना कुणी खडूनं लिहायचं:
मासा बारीक होता. जिद्राचा मुलगा आजारी.

मार्चमध्ये तेच यंत्र पुन्हा कुरकुरलं.
वेल्तानं, जिनं अकरा वर्षांत
कुणाला किती वाजले हेसुद्धा विचारलं नव्हतं,
लाल बटणावर पंजा मारला.
पट्टा थांबला. इतकं शांत झालं
की बाहेरचा समुद्र ऐकू आला.
कुणीतरी ओरडणार म्हणून आम्ही खांदे आवळले.
दायगा लंगडत आली,
झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं,
म्हणाली, ‘बरं झालं.’
त्या दिवशी घरी जाताना
वेल्ता ‘आपला माल’ म्हणाली. तिचं तिलाच हसू आलं.

आता मालक बदललाय, दायगा गेली.
नव्या साहेबानं एक कागद वाटलाय:
कामात तुमचं मन किती रमतं? एक ते दहा.
आणि फळ्या उचलायला सांगितल्यात,
जमीन धुताना मध्ये येतात म्हणून.

कागद माझ्या खिशात आहे, घडी घातलेला,
त्याला मासळीचा वास लागलाय.
काल वेल्ता तिसऱ्या यंत्रापाशी थबकली,
कान दिला,
आणि पुढे गेली.